टकटके : माझ्या गॉब्लिन जमातीचा उगम, चालीरीती आणि एक अडलेली कादंबरी

तळघरातली

मंडळी, गेली दोन वर्षं एक कादंबरी पाचव्या प्रकरणावर अडून बसली आहे, आणि ती अडवलीय गॉब्लिनांनी, म्हणजे युरोपातल्या लोककथांतल्या ठेंगण्या, उपद्रवी भुतांनी. सुरुवातीला वाटलं होतं यात काय अवघड आहे. उंची कुत्र्याएवढी, हिरवट कातडी, मोठे पिवळे डोळे, टोकदार कान, आकडं नाक, अंगाला कुबट वास, संख्या भरपूर. नायकाने तलवार फिरवली की पाच-सहा आडवे. चार प्रकरणं हेच चाललं. पाचव्यात नायक चार मित्र आणि पाच मशाली घेऊन त्यांच्या बिळात उतरतो आणि तिथे माझा हात थांबला, कारण आत काय असेल हे मलाच ठाऊक नव्हतं. नायक येत नाही तेव्हा ही मंडळी दिवसभर करतात काय? भांडतात कशावरून? म्हातारी झाल्यावर कुठे बसतात?

म्हणून कादंबरी बाजूला ठेवली आणि आधी जमातच नीट रचायला घेतली. आतापर्यंत जमलंय ते खाली देते. खाली प्रतिसादांत फोडा, झोडा, पण कारण सांगून.

नाव: त्यांना तोंडाने घ्यायचं नावच नाही. भिंतीवर बोटाच्या पेराने दोन हलके ठोके आणि एक जड, म्हणजे 'आम्ही'. वरच्या माणसांनी रात्री विहिरीच्या कठड्याला कान लावला की हेच ऐकू येतं, म्हणून माणसं त्यांना टकटके म्हणतात.

भाषा: दोन. एक तळव्याची, एक भिंतीची. तळव्याची भाषा दोघांपुरती. समोरच्याचा हात हातात घेऊन बोटांनी बोलायचं. प्रेम, रुसवे, चहाड्या सगळं त्यात. भिंतीची भाषा ठोक्यांची आणि ती सगळ्यांना ऐकू जाते, म्हणून जन्म, मरण, कायदा, शपथ भिंतीवर. तळव्यात दिलेला शब्द मोडला तर फार तर अबोला. भिंतीवर दिलेला मोडला तर वस्तीबाहेर. भिंतीला कान असतात हे आपण दटावून सांगतो, त्यांच्याकडे तो भाषेचा पहिला धडा आहे.

देणंघेणं: दोरीच्या गाठी. देणं ज्याचं त्याने गाठ मारायची, येणं ज्याचं त्याने दोरी जपायची. गाठ सोडताना दोघांचेही हात दोरीवर हवेत. कुणी गेलं की त्याच्या दोऱ्या घरचे चाचपून वाचतात.

घर: मोठं दालन, मध्ये शेकोटी, भोवती जमिनीवर गवताच्या गाद्या, सगळे एकत्र झोपतात.

अन्न: अळंब्यांची शेती.

उगम: अंधाराच्या देवाने चिखलात थुंकून त्यांना बनवलं, उजेडातल्या लेकरांना छळण्यासाठी. हा भाग कच्चा आहे, मला दिसतंय.

रिकामटेकडा

तळव्याची भाषा फार आवडली. त्यात खोटं बोलणं किती अवघड असेल! हाताला घाम सुटला की पकडला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

उंटावरचा शहाणा

बाकी सगळं छान आणि शेवटी थुंकीचा देव! देवाने मुळातच दुष्ट बनवलं म्हटलं की नायकाला मारायची परवानगी मिळते आणि लेखकाला विचार करायची सुट्टी. तुमची भाषा, गाठी, शपथा हे सगळं विचार करणाऱ्या लोकांचं आहे. छळण्यासाठी घडवलेला प्राणी देणं फेडायला दोरीवर हात कशाला ठेवेल?

दुसरं, गाठींची दोरी सांभाळून वापरा. चिकट, पैशाला जागणारे, आकड्या नाकाचे गॉब्लिन हे चित्र युरोपात ज्यू लोकांची जी विद्रूप चित्रं काढली गेली त्यांच्या फार जवळचं आहे. तुमच्या मनात तसं काही नसणार, पण नाक आणि हिशोब एकत्र आले की वाचक तिकडेच जातो. गाठी ठेवा, नाक बदला.

शब्दवेडा

उगम शोधायचाच तर शब्दापासून शोधा, तिथे मजा आहे. गॉब्लिनचा जर्मन चुलतभाऊ म्हणजे कोबोल्ड. खाणीतल्या लोकांना चांदी-तांब्यासारखं दिसणारं खनिज सापडायचं, भट्टीत टाकलं की चांदी नाही, तांबं नाही, उलट आर्सेनिकचा विषारी धूर. मग दोष कुणाचा? कोबोल्डांनी धातू चोरून खोटा माल ठेवला! पुढे १७३०च्या दशकात गेओर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने त्यातून नवा धातू वेगळा केला आणि त्याचं नाव पडलं कोबाल्ट. १७५१ मध्ये आक्सेल क्रोनस्टेट यांनी अशाच दुसऱ्या फसव्या खनिजातून निकेल काढलं. त्या खनिजाला खाणकामगार 'कुप्फरनिकेल' म्हणत, म्हणजे निकेल नावाच्या खोडकर भुताचं तांबं. आवर्तसारणीत ही दोन भुतं शेजारी बसली आहेत, २७ आणि २८ क्रमांकावर.

ठोक्यांनाही जुना आधार आहे. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणीत भिंतीतून टकटक ऐकू यायची आणि कामगार म्हणायचे की आत छोटे लोक आहेत. शिदोरीतला शेवटचा घास त्यांच्यासाठी टाकायचे.

अवांतर: गॉब्लिनचं अनेकवचन गॉब्लिन की गॉब्लिन्स यावर वेगळा धागा काढू नये ही विनंती.

खाणीतला कोळसा

ती टकटक बऱ्याचदा आधाराच्या लाकडांची आणि वरच्या खडकाची असते. दरड बसण्याआधी लाकूड बोलतं. माझी नोकरी जमिनीखालीच गेली, एवढं सांगून मुद्द्यावर येतो.

तळघरातली ताई, तुमचे टकटके पहिल्याच रात्री मेले.

बंद गुहेत शेकोटी पेटवली, भोवती शे-दीडशे जण झोपले, तेही जमिनीवर. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. हवा हलती नसेल तर तो खाली साठतो, पाण्यासारखा खोलगट जागा शोधतो. इटलीत नेपल्सजवळ एक लहानशी गुहा आहे, नावच कुत्र्याची गुहा. तिथे माणूस उभा राहिला तर त्याला काही होत नसे आणि शेजारचं कुत्रं गुंगी येऊन पडायचं, कारण त्याचं नाक वायूच्या थरात. पूर्वी प्रवाशांना हा खेळ म्हणून दाखवत आणि नंतर कुत्र्याला शेजारच्या तळ्यात बुडवून शुद्धीवर आणत.

तुमचे लोक उंचीला कुत्र्याच्या बरोबरीचे. म्हणजे ठेंगू असणं ही तुमच्या गुहेत सोय तर नाहीच, तो कायमचा धोका आहे. हा धोका जी जमात पिढ्यान्‌पिढ्या जगली तिच्या सगळ्या सवयी त्यातून येतील. झोपायला भिंतीत उंच कोनाडे. तान्ही मुलं खांद्यावर, कधीच जमिनीवर नाही. दम लागला, डोकं ठणकायला लागलं की पहिलं काम वर चढणं. एखाद्याला 'खाली झोप' म्हणणं ही शिवी असेल.

आणि शेकोटी काढून टाका. साधी मेणबत्ती जळताना साधारण ८० वॅट उष्णता देते, स्वस्थ बसलेला माणूस १०० वॅटच्या आसपास. म्हणजे एक मेणबत्ती जवळजवळ एका माणसाची हवा खाते. तुमचा नायक आणि त्याचे चार मित्र पाच मशाली घेऊन उतरले ना? वस्तीच्या हिशोबात ती पाच माणसं नव्हेत, मोठा जमाव शिरला आणि सगळे एकदम श्वास घेऊ लागले.

रिकामटेकडा

पाच मशालींचा हिशोब वाचून मीच खिडकी उघडली.

तळघरातली

कोळसेकाका, दंडवत! रात्री एक वाजता उठून बसले आणि लिहिलं. शेकोटी गेली. टकट्यांच्या कायद्यात पहिला गुन्हा खून नाही, दिवा. हवा सगळ्यांची, ज्योत एकट्याची. दिवा लावणारा चोर. माणसं मशाल घेऊन शिरली की टकटके अंगावर का धावून जातात आणि आधी मशालच का हिसकावतात हे मी चार प्रकरणं 'उजेडाचा द्वेष' म्हणून लिहिलं होतं. ते बिचारे आग विझवत होते.

आणि आपल्या भाषेत 'काय दिवे लावलेस!' आहेच. तेवढं एक वाक्य मी एका म्हातारीच्या बोटांत घातलं आहे.

घुबड

उंचीचं कारण हवं असेल तर देवाची गरज नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये मानवाच्या एका वेगळ्याच जातीची हाडं सापडली, उंची जेमतेम १ मीटर, मेंदू आपल्या एक तृतीयांशाहून थोडाच कमी-जास्त, तरी सोबत दगडाची हत्यारं. बेटावर अन्न मोजकं असलं की मोठे प्राणी पिढ्यांगणिक लहान होत जातात, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. गुहा हेही एक बेटच.

कालगणनेचं काय? वर सूर्य नाही, ऋतू नाही. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला वरून निरोप गेला की मुदत संपली, तेव्हा त्याच्या वहीत तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस कुठेतरी सांडले होते. तुमच्या टकट्यांची म्हातारी 'मी शंभर वर्षांची' म्हणाली तर कोण मोजणार?

पाकोळी

गुहेतल्या जिवांवर थोडं काम केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगते. दुसरी तुम्हाला आवडणार नाही.

पहिली, अळंबी. सगळ्या काल्पनिक कथांत भूमिगत लोक अळंबी खातात आणि लेखक निश्चिंत होतो. पण अळंबी हवेतून अन्न करत नाही, तिला काहीतरी कुजणारं लागतं. बहुतेक गुहांत ऊर्जा बाहेरूनच येते: वटवाघळांची विष्ठा, पुराबरोबर आलेला पालापाचोळा. पानकापी मुंग्या भूमिगत बुरशीची शेती करतात, पण त्यासाठी अखंड पानं वाहून आणतात. तेव्हा तुमच्या जमातीला दर वर्षी बाहेर यावंच लागेल. सोनं लुटायला नाही, पाचोळा, लाकूड, शेण गोळा करायला. (आणि हो कोळसेकाका, कुजणारा पाला पण कार्बन डायऑक्साइड सोडतो. वाफे वस्तीच्या खालच्या अंगाला आणि लांब.) घुबड यांच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं, वर्ष म्हणजे एक पानझड.

दुसरी, डोळे. मोठे पिवळे डोळे संधिप्रकाशात कामाचे. गुहेच्या आतल्या भागात उजेड कमी नसतो, नसतोच. एकदा आम्ही सगळे दिवे विझवून अर्धा तास बसलो होतो. मी डोळ्यांसमोर हात हलवला आणि मला तो दिसला. शपथेवर सांगितलं असतं. मग शेजारणीने तिचा हात हलवला, तो अजिबात दिसला नाही. माझ्या हाताची सावली माझा मेंदू स्वतःच रंगवत होता. अशा जागी डोळे सांभाळणं हा शरीराला नुसता खर्च.

आता स्लोव्हेनिया आणि आसपासच्या चुनखडीच्या गुहांमध्ये ओल्म नावाचा प्राणी आहे, पाण्यात राहणारा, फिकट, वीतभर लांब. पुराने तो बाहेर वाहून आला की लोक त्याला ड्रॅगनचं पिल्लू समजत. १६८९ मध्ये वाल्वासोर या तिथल्या अभ्यासकाने ही समजूत लिहून ठेवली आहे. हा प्राणी आंधळा. पण पिल्लू असताना त्याला डोळे असतात. वाढता वाढता ते खुंटतात आणि वर कातडी येते.

तुमचे टकटके असे असतील तर मोठ्यांना डोळे नसतील आणि मुलांना असतील. मग पाचोळा आणायला बाहेर कोण येणार? ज्यांना दिसतं ते. म्हणजे माणसांनी आजवर पाहिलेला प्रत्येक टकटका, ठेंगणा, मोठ्या डोळ्यांचा, किंचाळत पळणारा, टोळीने येणारा...

शब्दवेडा

अरे बापरे.

रिकामटेकडा

मुलं. ती सगळी मुलं होती.

उंटावरचा शहाणा

पाकोळी, आज जेवण जाणार नाही. पण उगमाचा प्रश्न एका फटक्यात पुढे सरकला. माणसांना वाटतं ही ठेंगणी जमात आहे, कारण त्यांनी मोठा माणूस पाहिलेलाच नाही.

घुबड

मला पटलं नाही. मग मोठे टकटके नीच ठरतात ना? स्वतः आत सुरक्षित बसायचं आणि पोरांना तलवारीपुढे पाठवायचं? असली संस्कृती टिकेल का?

खाणीतला कोळसा

टिकते. आमच्याच धंद्यात टिकली होती. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणीत पाच-सहा वर्षांची पोरं हवेच्या वाटेवरचं लाकडी दार उघड-बंद करायला बसवत. दिवसाचे बारा तास, बरेचदा अंधारात, कारण मेणबत्ती परवडत नसे. सरकारी चौकशीचा अहवाल बाहेर आला तेव्हा लोक हादरले आणि १८४२ मध्ये कायदा करून दहा वर्षांखालच्या मुलांना, आणि मुली-बायकांना सरसकट, खाली उतरायला बंदी झाली. त्या पोरांचे आईबाप राक्षस नव्हते. तेही लहानपणी त्याच दाराशी बसले होते.

तळघरातली

दोन दिवस इकडे फिरकले नाही, माफ करा. आधीची चार प्रकरणं छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. प्रत्येक मेलेल्या गॉब्लिनपुढे एक रेघ. ४१ रेघा झाल्या. तिसऱ्या प्रकरणात एक जण आहे, त्याच्या हातात ओल्या पानांची झोळी आहे आणि नायक म्हणतो 'बघा, चोरीचा माल'. हे मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, पाकोळीने ओल्म सांगायच्या कितीतरी आधी. झोळीत पानं का घातली होती ते आता आठवत नाही. बहुधा दुसरं काही सुचलं नव्हतं.

एकही खून काढणार नाहीये. तसेच राहू देत. वाचकालाही आधी मजा येऊ दे.

शब्दवेडा

एक अडचण आधीच सांगतो. तुमच्या जमातीत डोळे झाकले जाणं म्हणजे वयात येणं. मराठीत डोळे मिटणं म्हणजे जाणं. हे टाळू नका, वापरा.

तळघरातली

वापरलं. हे बघा, सहाव्या प्रकरणातलं. नायकाच्या टोळीतला एक सैनिक एका पोराला पकडतो. त्या पोराला माणसांची भाषा मोडकीतोडकी येते.

> 'घरी कोण आहे?'
> 'मोठा भाऊ होता. गेल्या पानझडीला त्याचे डोळे मिटले.'
> सैनिकाने शिरस्त्राण काढलं, काखेत धरलं आणि मान खाली घातली. पोर बावरलं. इतक्या चांगल्या बातमीवर या माणसाला झालं तरी काय? मग त्याला वाटलं, याला बहुधा भाऊ नसेल. त्याने सैनिकाचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर हळूच तीन बोटं टेकवली. म्हणजे, तुझेही मिटतील.

रिकामटेकडा

हसू आलं आणि मग आलं नाही.

उंटावरचा शहाणा

सुंदर. आता खोडा घालतो, कारण धागा गोड व्हायला लागलाय. टकटके आधी निव्वळ दुष्ट होते, आता निव्वळ बिचारे झाले. दोन्ही सारखेच सपाट. त्यांचं स्वतःचं पाप काय? माणसांमुळे न घडलेलं, त्यांचं त्यांनी केलेलं?

आणि उगमाची कथा ते स्वतः कशी सांगतात ते अजून आलेलं नाही. जगात ते खरोखर कुठून आले यापेक्षा मला हे ऐकायचंय की ती गोष्ट कोण, कुणाला आणि कधी सांगतो. फुकट कुणी उगम सांगत नाही.

घुबड

+१. शिवाय प्रत्येकाचे डोळे वेळेवर मिटतीलच असं कसं? शरीर आहे, मागेपुढे होणारच.

तळघरातली

घुबड, तुम्ही नकळत दोन्ही प्रश्नांची कडी काढलीत.

ज्यांचे डोळे मिटायला उशीर होतो त्यांना टकटके 'उघडा' म्हणतात, मुलगी असेल तर 'उघडी'. उघड्याला झोपायचा कोनाडा मिळत नाही, भिंतीवर ठोका द्यायचा अधिकार नाही, लग्न नाही. तो पोरांबरोबर पाचोळा वाहत राहतो, विशी उलटली तरी. आणि मग एका पानझडीनंतर घरचेच त्याला खालच्या दालनात नेतात, वाफ्यांपलीकडे. गरम राळ घेऊन. पापण्यांवर.

ती रात्र हीच गोष्ट सांगायची रात्र. एरवी कुणी सांगत नाही. सगळ्यात म्हातारी बाई उघड्याचा हात हातात घेते आणि तळव्यावर सांगते, फक्त त्याला:

सगळे आतच होते. आईच्या पोटात असतं तसं, जमिनीच्या पोटात सगळे. पोरं पानं आणायला बाहेर जायची आणि परत यायची. एकदा काही पोरं गेली ती आलीच नाहीत. उजेडात हुंदडत राहिली, म्हणून त्यांचे डोळे मिटले नाहीत. डोळे मिटले नाहीत म्हणून ती मोठी झाली नाहीत. नुसती उंच झाली. त्यांना पोरं झाली, त्या पोरांना पोरं झाली, कुणीच कधी मोठं झालं नाही. म्हणून ती मारामारी करतात, चकचकीत वस्तूंसाठी भांडतात, घरात शिरून दिवे लावतात. त्यांना रागावू नकोस. पण तसं व्हायचंय का तुला?

तर टकटके कुठून आले हा प्रश्न त्यांच्या गोष्टीतच नाही. त्यांच्या गोष्टीत माणसं कुठून आली हा प्रश्न आहे. आणि ती गोष्ट राळ तापेपर्यंत सांगतात.

पाकोळी

राळेच्या जागी पोचले आणि मोबाईल खाली ठेवला. ठेवा, काढू नका.

उंटावरचा शहाणा

आता पटलं. म्हातारी खोटंही बोलत नाही आणि खरंही. शाब्बास. (आकडे नाक काढलंत ना?)

तळघरातली

काढलं. नाकपुड्या रुंद केल्या, हवा ओळखायला.

शब्दवेडा

शंका: माणसं खरोखर त्यांच्यातूनच निघाली का? लेखिका म्हणून तुम्हाला माहीत हवं.

तळघरातली

मला माहीत आहे. सांगणार नाही. वरच्या देवळातले पुजारी अजून थुंकीचीच गोष्ट सांगतात, तीही कादंबरीत ठेवली आहे, माझ्या पहिल्या खर्ड्यातली शब्दशः. त्या गोष्टीचाही त्यांना उपयोग आहेच, दर मोहिमेला वर्गणी निघते.

घुबड

ठोक्यांबद्दल एक राहिलं. खडकातून आवाज हवेपेक्षा फार वेगाने जातो. हवेत सेकंदाला ३४० मीटर, ग्रॅनाइटसारख्या घट्ट खडकात ५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नायक आत ओरडला तर त्याच्या आरोळीआधी भिंतीवरून बातमी पुढच्या दालनात पोचलेली असेल.

तळघरातली

घेतलं. आणि अखेर पाचवं प्रकरण सुटलं, मंडळी. त्याचा शेवट टाकते आणि लिहायला पळते. तोच सैनिक, टोळीपासून चुकलेला, खालच्या दालनात.

> मशालीची ज्योत आधी पिवळी झाली, मग निळसर, मग नव्हतीच. त्याने भिंतीला पाठ टेकवली. कुणीतरी जवळ आलं. पावलांचा आवाज नव्हता, फक्त पाल्याचा ओला वास. एक खरखरीत हात त्याच्या छातीवरून वर सरकला, हनुवटी, गाल, आणि डोळ्यांपाशी थांबला. अंगठ्याने पापणी चाचपली. उघडी. दुसरी चाचपली. तीही उघडी. केवढा वाढलाय आणि अजून उघडाच.
> म्हातारीने त्याचा हात हातात घेतला आणि तळव्यावर लिहिलं. त्याला ती भाषा येत नव्हती. पोर हरवलं की कुठलीही म्हातारी जे आधी विचारते तेच तिने विचारलं होतं.
> कुणाचं रे तू?

रिकामटेकडा

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). पुभाप्र. पुभाप्र.

खाणीतला कोळसा

छान जमलंय. एकच शंका. मशाल विझली तेव्हा तो उभा आहे की बसलाय? 'पाठ टेकवली' म्हणजे घसरून बसला असं मी वाचलं. म्हातारीचा हातही छातीपासून सुरू होतो, म्हणजे बसलेलाच. खालचं दालन, कुजणारा पाला, ज्योत विझलेली. तिथे बसून संवाद होणार नाही. आधी त्याला उठवा.

तळघरातली

बसलाय. तिला कळतंय ते, तिचीही मान वर आहे. उठवते त्याला.